परीक्षेच्या चिंतेत विद्यार्थी स्वतःविषयी काय विचार करतो: मोजणीची सुरुवात कशी करावी

समजा, परीक्षाचिंतेच्या एकाच प्रश्नावलीत दोन विद्यार्थ्यांची बेरीज सारखीच आली. पहिल्याने ‘छाती धडधडते’, ‘हात गार पडतात’, ‘आदल्या रात्री झोप लागत नाही’ या विधानांपुढे ‘नेहमी’वर खूण केली आहे. दुसऱ्याची झोप शाबूत आहे आणि हातही गार पडत नाहीत. पण ‘माझ्यात काही दम नाही’, ‘आता सगळ्यांना कळणार की मी किती कच्चा आहे’ ही वाक्ये पेपर सोडवताना त्याचा पिच्छा सोडत नाहीत. अहवालात मात्र दोघांच्याही नावापुढे ‘चिंता अधिक’ एवढाच शेरा पडतो. या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या मनात जे चालले आहे ते वेगळे काढून कसे मोजायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे. शिक्षक, समुपदेशक आणि शिक्षणशास्त्रात किंवा मानसशास्त्रात पहिलाच लघुप्रबंध हाती घेतलेले विद्यार्थी यांना समोर ठेवून तो लिहिला आहे.

साधने हाती घेण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी ठाऊक असलेली बरी. जॉर्ज मँडलर आणि सेमूर सॅरासन यांनी १९५२ मध्ये परीक्षाचिंतेची प्रश्नावली मांडली, तेव्हाच त्यांच्या लक्षात आले होते की चिंतेने अस्वस्थ झालेल्या व्यक्तीच्या काही प्रतिक्रिया हातातल्या कामाकडे वळलेल्या असतात, तर काही स्वतःकडे. १९६७ मध्ये लीबर्ट आणि मॉरिस यांनी परीक्षाचिंतेचे दोन घटक वेगळे केले. एक, मनातला घोर, म्हणजे अपयशाचे आणि स्वतःच्या कमीपणाचे विचार. आणि दुसरा, भावनिक-शारीरिक खळबळ. यांपैकी पहिल्या घटकाचा कामगिरीशी असलेला संबंध दुसऱ्यापेक्षा अधिक ठळक असतो, हे पुढच्या अनेक अभ्यासांत दिसून आले. १९७१ मध्ये जेरी वाइन यांनी त्याचा खुलासा अवधानाच्या भाषेत केला: चिंताग्रस्त विद्यार्थ्याचे लक्ष प्रश्न आणि स्वतः यांच्यात वाटले जाते, आणि स्वतःकडे गेलेले लक्ष प्रश्नाच्या वाट्याला येत नाही. आपण जे मोजू पाहतो आहोत त्याचे महत्त्व या मांडणीतून येते. म्हणून स्वतःविषयीचे विचार चिंतेच्या बेरजेत बुडवून टाकू नयेत. त्यांना स्वतंत्र रकाना हवा.

पहिली पायरी: नेमके काय मोजायचे ते ठरवावे

‘स्वतःविषयीचे विचार’ या एका शब्दप्रयोगात किमान पाच निरनिराळ्या गोष्टी दाटीवाटीने बसलेल्या असतात, आणि नवख्या अभ्यासकाची बहुतेक फरफट त्या न सुट्या केल्यामुळे होते. पहिली गोष्ट म्हणजे स्वसंवाद, म्हणजे त्या त्या क्षणी मनात उमटणारी वाक्ये: ‘जमत नाहीये’, ‘घाबरू नकोस, पुढचा प्रश्न बघ’. दुसरी आत्मक्षमता, म्हणजे एखादे ठरावीक काम आपल्याला करता येईल याची खात्री: ‘दिलेल्या वेळात मी पेपर पुरा करू शकेन’. तिसरी शैक्षणिक स्वसंकल्पना, म्हणजे विषयागणिक ठरून गेलेले आपले चित्र: ‘गणितात मी कच्चा आहे’. चौथी आत्मसन्मान, म्हणजे एकूण माणूस म्हणून आपली किंमत आपल्याच लेखी किती आहे ते. आणि पाचवी, चुकल्यावर आपण स्वतःशी कसे वागतो ती रीत. कोणी स्वतःला फैलावर घेतो, तर कोणी सावरून घेतो.

या पाच गोष्टी एकमेकींशी संबंधित असल्या तरी एकीचे माप दुसरीला लावता येत नाही. मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ ची आत्मसन्मान श्रेणी केवळ १० विधानांची, सुटसुटीत आणि जगभर वापरली गेलेली आहे. परंतु ती वर्षभरात फारसे न हलणारे चित्र टिपते, पेपर सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मनात काय झाले ते नाही. परीक्षेपूर्वी ही श्रेणी भरून घेऊन ‘परीक्षेच्या वेळी विद्यार्थ्यांचे स्वतःविषयीचे विचार’ असे शीर्षक दिलेले लघुप्रबंध निघतात, आणि शीर्षकात जे कबूल केलेले असते ते आत सापडत नाही.

माझा सल्ला असा की, पहिल्या अभ्यासात यांपैकी एकच गोष्ट मुख्य धरावी आणि फार तर दुसरी एक सोबतीला घ्यावी. प्रत्यक्ष परीक्षेतील चिंता हा विषय असेल तर मुख्य जागा स्वसंवादाला आणि सोबतीची आत्मक्षमतेला द्यावी.

येथे आणखी एका सापळ्याची कल्पना असावी. परीक्षाचिंतेच्या बऱ्याच प्रश्नावल्यांत ‘मी नापास होईन असे विचार मनात येतात’ या धाटणीची विधाने आधीपासूनच असतात. चिंतेसाठी अशी प्रश्नावली आणि स्वसंवादासाठी ‘मी नापास होणार असे मी मनाशी म्हणतो’ यासारखी विधाने वापरली, तर दोहोंतील सहसंबंध (दोन मोजण्या एकमेकींसोबत किती बदलतात त्याचे −१ ते +१ मधले माप) भरघोस येणारच, कारण एकच प्रश्न दोनदा विचारला गेला आहे. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही प्रश्नावल्या शेजारी ठेवून विधान न् विधान ताडून पाहावे, आणि जी विधाने दोन्हीकडे आढळतील ती एका बाजूने गाळावीत किंवा चिंतेचा केवळ शारीरिक-भावनिक भाग वेगळा काढून तेवढाच वापरावा.

दुसरी पायरी: केव्हा विचारायचे ते ठरवावे

वेळेचा प्रश्न साधनाच्या निवडीइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा आहे. ‘परीक्षेच्या वेळी तुला सर्वसाधारणपणे काय वाटते?’ असे वर्षाच्या मध्यावर निवांत बसवून विचारले, तर विद्यार्थी आठवणीतून आणि स्वतःविषयीच्या ठाम समजुतींतून उत्तर देतो. निकालानंतर विचारले, तर निकालच बोलतो. चांगले गुण मिळालेल्याला आपण शांत होतो असे आठवते आणि कमी गुण मिळालेल्याला आपण आधीपासूनच खचलो होतो असे वाटू लागते.

सर्वांत उपयोगी वेळ म्हणजे उत्तरपत्रिका जमा झाल्यानंतरची पहिली काही मिनिटे. त्या वेळी मुले वर्गाबाहेर पडलेली नसतात आणि ‘तुझे चौथ्याचे उत्तर किती आले?’ ही देवाणघेवाण सुरू झालेली नसते. ती एकदा सुरू झाली की आपल्याला मिळतात ते परीक्षेतले विचार नव्हेत, तर परीक्षेवरचे विचार. पेपर चालू असताना मध्येच थांबवून विचारणे हा आणखी थेट मार्ग आहे. पण खऱ्या परीक्षेत तसे करणे विद्यार्थ्यावर अन्याय करणारे आहे, म्हणून तो केवळ सराव परीक्षेत वापरावा. सराव परीक्षेत चिंता उतरलेली असते, ही त्याची किंमत. शक्य असल्यास एक मोजणी परीक्षेला बसण्यापूर्वी, एक लगेच नंतर आणि एक परीक्षा नसलेल्या साध्या दिवशी घ्यावी. साध्या दिवसाची मोजणी जवळ नसेल, तर जे दिसले ते परीक्षेमुळे की त्या मुलाचा स्वभावच तसा, हे सांगता येत नाही.

तिसरी पायरी: साधन निवडावे

आधी तयार प्रश्नावल्यांकडे पाहावे. चार्ल्स स्पीलबर्गर यांची १९८० ची परीक्षाचिंता प्रश्नावली २० विधानांची आहे. त्यांपैकी ८ विधाने मनातल्या घोराची आणि ८ भावनिक खळबळीची असल्याने दोन उपगुण वेगळे मिळतात. अर्विन सॅरासन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या ४० विधानांच्या साधनात ताण, घोर, परीक्षेशी असंबद्ध विचार आणि शारीरिक लक्षणे असे चार भाग आहेत. (सॅरासन आडनावाचे दोन संशोधक याच विषयात आहेत, संदर्भ देताना सेमूर आणि अर्विन यांची गल्लत सर्रास होते.) कॅसेडी आणि जॉन्सन यांची २००२ ची २७ विधानांची श्रेणी परीक्षाचिंतेच्या बोधात्मक, म्हणजे विचारांच्या बाजूवरच भर देते, म्हणून आपल्या कामाला ती अधिक जवळची आहे. क्रिस्टिन नेफ यांची २००३ ची २६ विधानांची श्रेणी चुकल्यावर स्वतःशी वागण्याची रीत मोजते. आत्मक्षमतेसाठी अल्बर्ट बंडुरा यांनी सुचवलेली पद्धत सोपी आहे: काम नेमके लिहायचे आणि ० ते १०० या पट्टीवर दहा-दहाच्या टप्प्यांनी खात्री विचारायची. ‘मला अभ्यास जमतो’ असे मोघम विचारायचे नाही, तर ‘न पाहिलेले उदाहरण परीक्षेत आले तरी ते सोडवायला मी सुरुवात करू शकेन’ असे.

तयार साधन वापरताना परवानगी घ्यावी लागते, कारण यांपैकी काहींचे हक्क राखीव आहेत. भाषांतर करायचे झाल्यास रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये रूढ केलेली उलट-भाषांतराची पद्धत हा किमान नियम समजावा: एकाने मराठीत आणावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत मूळ भाषेत न्यावे आणि मूळ भाषेतले दोन्ही पाठ ताडून पाहावेत. मात्र उलट-भाषांतर जुळले म्हणजे मराठी विधान मुलांना कळते असे नाही; शब्दाला शब्द ठेवलेले अवघड मराठी परत नेताना तंतोतंत जुळते आणि वर्गात मात्र कोणालाच उमगत नाही.

दुसरा मार्ग विचारांची यादी लिहून घेण्याचा. जॉन कॅसिओपो आणि रिचर्ड पेटी यांनी १९८१ मध्ये या पद्धतीची सविस्तर मांडणी केली. विद्यार्थ्याला आडव्या चौकटी आखलेला कागद द्यायचा आणि दोन-तीन मिनिटांत, गेल्या काही वेळात मनात जे जे आले ते प्रत्येक चौकटीत एक याप्रमाणे लिहायला सांगायचे. शुद्धलेखन, व्याकरण, चांगले-वाईट यांची फिकीर करायची नाही. प्रश्नावली आपले शब्द विद्यार्थ्याच्या तोंडी घालते. यादीत त्याचे शब्द त्याचेच राहतात. नवख्याने या पद्धतीला बिचकू नये, फक्त नंतरच्या वर्गीकरणाला भरपूर वेळ राखून ठेवावा.

तिसरा मार्ग, मोठ्याने विचार करत प्रश्न सोडवायला लावण्याचा, एकेका विद्यार्थ्यासोबत करावा लागतो आणि श्रोता समोर असल्यामुळे स्वतःला हिणवणारी वाक्ये आतच राहतात. पहिल्या अभ्यासासाठी मी तो सुचवणार नाही.

चौथी पायरी: विधाने लिहावीत

स्वतःची प्रश्नावली तयार करायची असेल तर विधाने आपल्या टेबलावर सुचलेली नसावीत. आधी विचारांच्या याद्या जमवाव्यात आणि मुलांनी लिहिलेल्या वाक्यांतूनच विधाने घडवावीत. ‘माझ्या बौद्धिक क्षमतेविषयी माझ्या मनात साशंकता निर्माण होते’ असे कोणताही विद्यार्थी स्वतःशी म्हणत नाही. तो म्हणतो, ‘माझं डोकंच चालत नाहीये’. स्वसंवादाचे विधान स्वसंवादाच्याच भाषेत असावे, म्हणजे प्रथमपुरुषी, बोलीतले आणि आखूड. उरलेली प्रश्नावली प्रमाण मराठीत आणि अवतरणातली वाक्ये बोलीत, अशी रचना चालते, नव्हे तीच बरी.

एका विधानात एकच गोष्ट असावी. ‘मी घाबरतो आणि स्वतःला मूर्ख समजतो’ या विधानाला, जो नुसता घाबरतो, त्याने काय उत्तर द्यावे? दुहेरी नकार तर कटाक्षाने टाळावा. ‘मला पेपर जमणार नाही असे मला वाटत नाही’ या विधानापुढे ‘कधीच नाही’ हा पर्याय आला की तीन नकार एकत्र येतात आणि हुशार मुलेही उलटी खूण करतात. स्वतःविषयीची अनुकूल विधाने म्हणजे प्रतिकूल विधानांना ‘नाही’ जोडून केलेली विधाने नव्हेत. ‘मी वाईट आहे असे वाटत नाही’ आणि ‘अवघड गेले तरी मी सावरेन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत मनात प्रत्यक्ष एक वाक्य उमटलेले आहे, पहिलीत केवळ एका वाक्याचा अभाव आहे. म्हणून अनुकूल आणि प्रतिकूल अशी दोन स्वतंत्र बेरजा ठेवाव्यात, एकीतून दुसरी वजा करून मोकळे होऊ नये. दोन्ही प्रकारचे विचार मनात गर्दी करून असलेला विद्यार्थी आणि कोणताच विचार नसलेला विद्यार्थी यांची वजाबाकी सारखीच, म्हणजे शून्य येते.

उत्तराच्या पर्यायांकडे सहसा दुर्लक्ष होते. ‘सहमत-असहमत’ ही लायकर्ट धर्तीची पट्टी मतांसाठी योग्य आहे. विचार मनात आला की नाही हे मात्र वारंवारतेने विचारावे: ‘एकदाही नाही, एक-दोनदा, बऱ्याचदा, जवळपास सतत’. त्यालाच जोडून ‘तो विचार आला तेव्हा तो तुला किती खरा वाटला?’ असेही विचारता येते. ‘मी ढ आहे’ हे वाक्य अनेकांच्या मनात डोकावते, पण ते खरे मानणारा आणि डोकावू देऊन पुढच्या प्रश्नाकडे वळणारा यांच्यात जो फरक आहे तो केवळ वारंवारतेतून दिसत नाही. वीसपैकी निवडक सहा-सात विधानांपुरताच हा दुसरा प्रश्न ठेवावा. सर्वांना जोडल्यास मुले कंटाळून सरळ रेषेत खुणा करत जातात.

पाचवी पायरी: मोजक्या मुलांसोबत प्रश्नावली वाचावी

पथदर्शी चाचणीच्याही आधीची ही पायरी बहुतेक जण गाळतात. सात-आठ विद्यार्थ्यांसोबत, एका वेळी एक, प्रश्नावली मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक विधानानंतर विचारावे: ‘हे वाक्य तुझ्या शब्दांत सांग. खूण करताना तुझ्या डोळ्यांपुढे कोणती परीक्षा होती?’ वाचन चांगले असलेली आणि अडखळत वाचणारी, अशी दोन्ही प्रकारची मुले त्यांत असावीत. ‘परीक्षेत मी स्वतःकडे पाहतो’ असे विधान लिहिणाऱ्याला आत्मपरीक्षण अभिप्रेत असते आणि मुलाला वाटते की गणवेश नीट आहे का ते पाहण्याविषयी विचारले आहे. हे आकडेमोडीतून कधीच कळणार नाही. कळेल ते एवढेच की विधान इतरांशी जुळत नाही. ज्या विधानावर दोन मुले अडखळली ते बदलावे. मग तीस-चाळीस विद्यार्थ्यांवर पथदर्शी चाचणी घ्यावी आणि ज्या विधानांवर जवळजवळ सर्वांची एकच खूण पडते ती काढून टाकावीत, कारण माणसामाणसांतला फरक ती दाखवू शकत नाहीत.

सहावी पायरी: भरून घेणे

प्रश्नावली त्या विषयाच्या शिक्षकाने भरून घेऊ नये. ज्याच्या हाती गुण आहेत त्याच्या हाती ‘मला काही येत नाही’ असे लिहून देणारा विद्यार्थी विरळा. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असावा, आणि तीन वेळच्या मोजण्या जुळवायच्या असल्याने तो मुलाला स्वतःच पुन्हा तयार करता येईल असा असावा. पालकांची लेखी संमती आणि विद्यार्थ्याची स्वतःची तयारी दोन्ही हव्यात; ‘नको असेल तर कागद कोरा दिलास तरी चालेल’ हे वाक्य सूचनांमध्ये लिहून ठेवावे आणि मोठ्याने वाचून दाखवावे.

एका गोष्टीची तयारी पहिला कागद वाटण्यापूर्वीच झालेली असावी. मोकळ्या यादीत क्वचित कोणी जगण्याचाच कंटाळा आल्याचे किंवा स्वतःला इजा करण्याचे लिहितो. त्या दिवशी कागद कोण वाचणार, किती तासांच्या आत, आणि तसे काही आढळल्यास कोणत्या समुपदेशकाकडे जायचे, हे आधी ठरलेले असले पाहिजे. अशा प्रसंगी गोपनीयतेला अपवाद असेल हेही संमतिपत्रात स्पष्ट लिहावे. सांकेतिक क्रमांकावरून व्यक्तीपर्यंत पोहोचण्याची वाट एका जबाबदार व्यक्तीकडे मोहोरबंद असावी. ही व्यवस्था उभी करता येत नसेल तर मोकळी यादी घेऊच नये.

सातवी पायरी: यादीतील विचारांचे वर्गीकरण

हे काम कसे चालते ते एका काल्पनिक कागदावर पाहू. गणिताची परीक्षा संपल्याबरोबर एका विद्यार्थिनीने लिहिले आहे:

१. दुसरा प्रश्न मला यायलाच हवा होता.
२. मी नेहमी अशीच ढेपाळते.
३. हात घामेजलाय, पेन निसटतंय.
४. आधी सोपे उरकते.
५. बाबा काय म्हणतील.
६. पुढची मुलगी पुरवणी मागतेय.
७. भूमिती मला जमते.
८. हा पेपर कोणी काढलाय!

प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. रोख कोणाकडे आहे: स्वतःकडे, कामाकडे, इतरांकडे की पेपराकडे? कल अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ? आणि रोख स्वतःकडे असेल तर व्याप केवढा: या एका कृतीपुरता की अख्ख्या माणसाला व्यापणारा? या कसोटीने दुसरे वाक्य सरळ आहे: रोख स्वतःकडे, कल प्रतिकूल, आणि ‘नेहमी’मुळे व्याप मोठा. सातवे स्वतःकडे, अनुकूल, एका विषयापुरते. तिसरे शरीराविषयी आहे, स्वतःच्या मूल्यमापनाविषयी नाही. आठवे पेपराविषयी. पहिल्या वाक्यावर मात्र दोन वर्गीकरणकर्ते भांडतील: ही स्वतःला दिलेली बोलणी आहेत की नुसती हळहळ? ‘यायलाच’मधला ‘च’ पाहता मी ते प्रतिकूल धरीन, पण व्याप एका प्रश्नापुरताच.

आता गुणोत्तर काढू. अनुकूल विचार भागिले अनुकूल आणि प्रतिकूल यांची बेरीज, असे हे गुणोत्तर असते. केवळ स्वतःकडे रोख असलेली वाक्ये घेतली तर अनुकूल १ (सातवे) आणि प्रतिकूल २ (पहिले व दुसरे), म्हणून उत्तर ०.३३. ‘आधी सोपे उरकते’ हे स्वतःला दिलेले अनुकूल मार्गदर्शन आहे असा नियम केला की २ भागिले ४, म्हणजे ०.५०. आणि ते न मोजता ‘बाबा काय म्हणतील’ हे प्रतिकूल धरले तर १ भागिले ४, म्हणजे ०.२५. मुलगी एकच, कागद एकच, आणि आकडा दुप्पट होतो किंवा निम्मा होतो तो आपल्या नियमामुळे. म्हणून वर्गीकरणाची नियमपुस्तिका पहिला कागद उघडण्यापूर्वी लिहावी, संशयास्पद उदाहरणांसह लिहावी, आणि ती अहवालाला जोडावी. श्वार्ट्झ आणि गारामोनी यांनी १९८६ मध्ये हे गुणोत्तर ०.६२ च्या आसपास असणे मानसिक समतोलाचे लक्षण मानले होते. नवख्याने त्या आकड्याला उत्तीर्णतेची रेषा समजू नये, कारण मोजण्याचे नियम बदलले की आकडा कसा हलतो ते आत्ताच आपण पाहिले.

दोघांनी एकमेकांचे न पाहता वर्गीकरण करावे. नुसती टक्केवारी फसवी असते. १०० विचारांपैकी ८० वर दोघांचे जुळले आणि वर्ग दोनच, दोघांनीही निम्मे-निम्मे वाटलेले असतील, तर निव्वळ योगायोगानेच ५० जुळले असते. जेकब कोहेन यांचा १९६० चा कप्पा गुणांक हा योगायोग वजा करतो: (०.८० − ०.५०) भागिले (१ − ०.५०), म्हणजे ०.६०. ऐंशी टक्के म्हटल्यावर जे भक्कम वाटले ते इतके भक्कम नव्हते. जेथे मतभेद झाले ती वाक्ये बाजूला काढून चर्चा करावी, नियम सुधारावा आणि नव्या कागदांवर पुन्हा ताडावे; त्याच कागदांवर पुन्हा ताडून गुणांक वाढला असे दाखवणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

आठवी पायरी: आकडे तपासणे

क्रॉनबॅकचा अल्फा गुणांक, म्हणजे प्रश्नावलीतली विधाने आपापसांत किती जुळतात त्याचे माप, संगणक क्षणात काढून देतो, म्हणून त्यावर अवाजवी भिस्त ठेवली जाते. विधानांची संख्या वाढवली की अल्फा वाढतो, आणि एकच वाक्य पाच प्रकारे फिरवून लिहिले तरी वाढतो. तो ०.९५ च्या पुढे गेला तर आनंदण्याऐवजी विधाने पुन्हा वाचावीत. अनुकूल आणि प्रतिकूल विधानांचा अल्फा वेगवेगळा काढावा. क्षणिक स्वसंवादाच्या बाबतीत दोन आठवड्यांनी पुन्हा मोजून सारखे उत्तर येण्याची अपेक्षा ठेवू नये. परिस्थिती बदलली आणि उत्तर बदलले नाही, तर साधनच बधिर आहे असे म्हणावे लागेल.

वैधतेसाठी, म्हणजे साधन जे मोजायचे तेच मोजते का हे पाहण्यासाठी, आधी अंदाज लिहून ठेवावेत. परीक्षेच्या दिवशी प्रतिकूल स्वसंवाद साध्या दिवसापेक्षा अधिक असावा. शारीरिक लक्षणांपेक्षा मनातल्या घोराशी त्याचे नाते जवळचे असावे. आत्मक्षमतेशी ते उलटे असावे. परीक्षेतील गुणांशी संबंध ऋण (एक वाढले की दुसरे घटते असा) असला तरी सौम्यच निघेल. हेम्ब्री यांनी १९८८ मध्ये ५६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, आणि २०१८ मध्ये फॉन देर एम्ब्से व सहकाऱ्यांनी २३८ अभ्यासांचा. परीक्षाचिंता आणि कामगिरी यांचे नाते ऋण आहे, पण ते साधारण −०.२ ते −०.३ या टापूतले आहे. आपल्या चाळीस जणांच्या नमुन्यात −०.७ आले तर शोध लागला असे समजण्याआधी मुलांना गुण आधीच कळले होते का ते तपासावे. कार्यकारणाची दिशाही या आकड्यातून ठरत नाही. स्वतःला हिणवल्यामुळे पेपर बिघडतो, आणि पेपर बिघडत असल्याचे दिसू लागल्यामुळेही मूल स्वतःला हिणवू लागते. परीक्षेपूर्वीची मोजणी आणि मागील वर्षाचे गुण हाताशी असतील तरच या दोहोंविषयी काही बोलता येते.

नववी पायरी: निष्कर्ष विद्यार्थ्यापर्यंत नेणे

स्वतः तयार केलेल्या साधनाला प्रमाणके (मोठ्या नमुन्यावरून ठरवलेले तुलनेचे आकडे) नसतात, म्हणून ‘अमुक गुणांच्या वर म्हणजे धोका’ अशी रेषा ओढण्याचा अधिकार आपल्याला नाही. वर्गाच्या सरासरीशी तुलना करून एकेकाला शेरे देणेही टाळावे. आधीच स्वतःला कमी लेखणाऱ्या मुलाच्या हाती ‘तुझी आत्मप्रतिमा नकारात्मक आहे’ असा कागद पडला तर त्याच्या यादीत आपण आणखी एका वाक्याची भर घालतो. अहवालात गटाचे चित्र द्यावे: कोणत्या टप्प्यावर प्रतिकूल वाक्ये वाढतात, ती कृतीपुरती राहतात की माणसाला व्यापतात, सावरणारी वाक्ये किती जणांच्या कागदावर मुळीच नव्हती.

विद्यार्थ्याशी व्यक्तिशः बोलायचे असेल तर आकडा बाजूला ठेवून त्याचाच कागद समोर ठेवावा. ‘मी नेहमी अशीच ढेपाळते’ या वाक्यावर बोट ठेवून ‘हे कितव्या प्रश्नाच्या वेळी मनात आलं? त्याच्या आधी काय झालं होतं?’ असे विचारले की बोलणे सुरू होते, आणि पुढच्या मोजणीत कोणते विधान घालायला हवे होते तेही बहुधा त्याच बोलण्यात सापडते.